नवऱ्यांच्या खुनावरची विनोदी कादंबरी वाचताना खटकते का?

बायकांच्या मैत्रीवरची, काळ्या विनोदाची कादंबरी तुम्ही विचारलीत आणि मारहाणीच्या विषयावर हसणं खटकेल का, हेही. मी पारिनी श्रॉफ यांची 'द बँडिट क्वीन्स' (२०२३, इंग्रजी) सुचवेन. मला हसणं कुठेच खटकलं नाही.

गुजरातमधलं खेडं. गीताचा नवरा रमेश पाच वर्षांपूर्वी परागंदा झाला, पण गावाने ठरवून टाकलंय की तिनेच त्याला संपवलं. त्या बदनामीमुळे कुणी तिच्या वाटेला जात नाही. ती मंगळसूत्रं ओवून विकते आणि एकटी राहते. मग तिच्या कर्जगटातली फराह येते आणि म्हणते, माझ्याही नवऱ्याचं बघ.

फराहचं कारण साधं आहे. दारुडा नवरा हप्त्याचे पैसे उचलून नेतो. गटाचं कर्ज सामाईक जबाबदारीवर असतं, एकीचा हप्ता थकला की बाकीच्यांच्या गळ्यात येतो. आपल्याकडे बचत गटात बसलेल्या कुठल्याही बाईला हा ताण सांगावा लागणार नाही. खुनाचा बेत आणि हप्त्याचा हिशोब शेजारी शेजारी चालतो, तिथे हसू फुटतं. नवऱ्याच्या हातचा मार येतो तेव्हा मात्र लेखिका थट्टा करत नाही. ती वर्णनं जवळून येतात, जपून वाचा.

गीताचं दैवत फूलन देवी, शीर्षकही तिच्यावरूनच. लहानपणीच लग्न लावून दिलेली, पुढे चंबळच्या खोऱ्यात बंदूक घेतलेली, १९८३ साली शरण आलेली आणि १९९६ साली मिर्झापूरहून खासदार झालेली बाई गीताला का जवळची वाटते, ते वाचताना कळतं. जातीचा प्रश्नही टाळलेला नाही. खुशी या दलित बाईसमोर गीतालाच स्वतःकडे बघावं लागतं, आणि ते मला फार आवडलं.

पण कादंबरीचा जीव आहे सलोनी. गीताची बालमैत्रीण, रमेशपायी दुरावलेली. दोघी एकमेकींना टोमणे मारत, जुनी उणीदुणी काढत पुन्हा जवळ येतात. माफी मागायची दोघींनाही सवय नाही, म्हणून भांडणातूनच माया बाहेर पडते. नवरा जाऊन जे स्वातंत्र्य आलं ते अर्धंच होतं, हे गीताला सलोनी परत आल्यावर उमगतं.

उणीव सांगायची तर काही संवाद गुजराती खेड्यापेक्षा अमेरिकेतले वाटतात आणि शेवटचा मोठा प्रसंग ताणलाय. तरी सलोनीसाठी वाचाच.