सॉफ्टवेअर बदलले, आता कामाचा क्रम कसा बसवायचा? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रकल्प-व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमधील एखादी सोय बदलली किंवा काढून घेतली गेली, की येणाऱ्या पत्रांचा सूर एकच असतो: ‘सॉफ्टवेअर बिघडले.’ प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी कामाचा क्रम कुठेच लिहून ठेवलेला नसतो, आणि म्हणूनच लहानसा बदलही अंगावर येतो. त्यातील काही प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : अपडेटनंतर कामांच्या यादीची जुनी मांडणी दिसत नाही. जुनी आवृत्ती परत मिळेल का? (बांधकाम कार्यालय, धुळे)

क्लाउडवरील, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवरून इंटरनेटने चालणाऱ्या, सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती आपल्या हाती नसते. सेटिंग्जमध्ये जुन्या मांडणीचा पर्याय सापडलाच, तर तो तात्पुरता आहे असे समजावे.

प्रश्न : आम्ही ठिबक संच बसवतो. ट्रेलो या कामांची यादी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मोफत प्लॅनमध्ये अकरावा माणूस जोडता येत नाही. विक्रेता म्हणतो, सर्वांनी एकच लॉगिन वापरा, नाहीतर तीन वर्षांचे पैसे आजच भरा, सवलत आज रात्रीपर्यंतच आहे. (जळगाव)

यांपैकी काहीही करू नये. २०२४ पासून ट्रेलोच्या मोफत वर्कस्पेसला (संस्थेच्या सामाईक जागेला) १० सहकाऱ्यांची मर्यादा आहे; ती ओलांडली गेली तर बोर्ड (कामांचे फलक) केवळ पाहता येतात, त्यांत बदल करता येत नाही. एकाच लॉगिनवर सगळे काम करू लागले, की कोणत्या शेतावरील काम कोणी ‘पूर्ण’ म्हणून नोंदवले याचा माग उरत नाही, आणि पाण्याचा दाब कमी असल्याची तक्रार आली की मालकाची पंचाईत होते. ‘आज रात्रीपर्यंतच सवलत’ हा जुनाच डाव आहे. मोफत प्लॅनची अट जशी बदलली, तशी तीन वर्षांत आणखी काय बदलेल, हे तो विक्रेता सांगू शकत नाही. बोर्डवरील कार्ड, म्हणजे एकेका कामाची नोंद, स्वतः हलवण्याची गरज किती जणांना आहे, हे आधी मोजावे. ज्याला फक्त उद्याचा पत्ता हवा आहे, त्याला तो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तरी भागते. तरीही सशुल्क प्लॅन लागणारच असेल, तर मासिक दराने सुरुवात करावी आणि त्याआधी हिशेब पाहणाऱ्या व्यक्तीचा सल्ला घ्यावा.

प्रश्न : यंत्राची तपासणी झाली की ग्राहकाला आपोआप मेल जात असे. बोर्डवरील स्तंभांची (कामाच्या टप्प्यांची) नावे बदलल्यानंतर तो कधी बंद पडला हे कळलेच नाही; ग्राहकाने विचारल्यावर उमगले. (डाळमिलची यंत्रे बनवणारा कारखाना, जळगाव)

या प्रश्नाला सविस्तर उत्तर देणे भाग आहे, कारण माझ्या मते ऑटोमेशनइतकी, म्हणजे आपण लावलेल्या नियमांनुसार सॉफ्टवेअरने आपोआप करायच्या कामांइतकी, दुर्लक्षित गोष्ट कार्यालयात दुसरी नाही. बटण नाहीसे झाले तर पाच मिनिटांत आरडाओरड होते. नियम बंद पडला तर सगळे शांत असते, आणि धोका त्या शांततेतच आहे. अनेक साधनांत नियम स्तंभाच्या नावावर टांगलेला असतो. ‘तपासणी’चे ‘गुणवत्ता तपासणी’ केले, की तो मुकाट्याने वाट पाहत बसतो. दुसरे कारण याहून वाईट आहे. ट्रेलोमध्ये नियम तो तयार करणाऱ्याच्या खात्याशी बांधलेला असतो. ज्या मुलाने हौसेने सर्व नियम लावले, तो पुण्याला नोकरीसाठी निघून गेला आणि त्याला बोर्डवरून काढले, की त्याचे नियमही त्याच्याबरोबर जातात. शिवाय मोफत प्लॅनमध्ये नियम महिन्यातून ठरावीक वेळाच चालतात; ती संख्या संपली की महिनाअखेरचे मेल अडतात, आणि ‘सर्व्हर डाऊन असेल’ अशी ऐकीव कारणे दिली जातात.

म्हणून आजच एक तक्ता करावा. नियम कशामुळे सुरू होतो, तो काय करतो आणि कोणाच्या खात्यावर आहे, हे त्यात लिहावे. पण सर्वांत महत्त्वाचा रकाना म्हणजे तो न चालल्यास प्रथम कोणाच्या लक्षात येईल. हा रकाना जिथे रिकामा राहील, तिथे मेल गेला की नाही हे रोज पाहणारा माणूस नेमावा. कोणतेही नाव बदलण्यापूर्वी बोर्डची प्रत काढून त्यावर एक खोटे कार्ड सुरुवातीपासून शेवटपर्यंत फिरवावे. अ‍ॅडमिन दोन असावेत. नियम जास्त असतील, तर जाणकाराकडून एकदा तपासणी करून घ्यावी. ‘सवड मिळाली की बघू’ म्हणणाऱ्यांना ग्राहक सवड देत नाही.

प्रश्न : कामाचे वेळापत्रक आखण्याचे मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट हे सॉफ्टवेअर पूर्णपणे बंद होणार, असे ऐकले. खरे का? (कंत्राटदार, भुसावळ)

नाही. ३० सप्टेंबर २०२६ ही बंद होण्याची तारीख फक्त प्रोजेक्ट ऑनलाइन या इंटरनेटवरील सेवेसाठी जाहीर झाली आहे. संगणकावर चालणारे प्रोजेक्ट आणि मायक्रोसॉफ्टचेच प्लॅनर हे कामवाटपाचे साधन त्यात येत नाहीत. आपण कोणते वापरता हे परवान्याच्या कागदावर पाहावे. ऑनलाइन असेल, तर वेळापत्रकांबरोबर स्वतः तयार केलेले रकाने, कामाच्या तासांच्या नोंदी आणि अहवालही हलवावे लागतात, आणि त्यांना सर्वाधिक वेळ लागतो. परवाना देणाऱ्याशी लेखी बोलणी करावीत, तोंडी आश्वासनावर राहू नये.

प्रश्न : सर्व काही, धडगावच्या पाड्यांवरून आलेली छायाचित्रेही, क्लाउडवर आहे, मग बॅकअप कशाला? (स्वयंसेवी संस्था, नंदुरबार)

एप्रिल २०२२ मध्ये अ‍ॅटलासियन या ट्रेलो चालवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्याच चुकीच्या स्क्रिप्टमुळे (आपोआप चालणाऱ्या आज्ञांमुळे) ७७५ ग्राहकांची क्लाउड खाती बंद पडली, आणि काहींना दोन आठवड्यांपर्यंत ती मिळाली नाहीत. त्यामुळे दर महिन्याला नोंदी उतरवून घ्याव्यात. ट्रेलोच्या उतरवलेल्या फाइलमध्ये कार्डांना जोडलेल्या फाइलींचे केवळ दुवे येतात, मूळ फाइली येत नाहीत. धडगावच्या पाड्यांवरून आलेली छायाचित्रे वेगळी साठवावी लागतील.

प्रश्न : टीमला नवी पद्धत केव्हा शिकवावी? (केळी पॅकिंग केंद्र, रावेर)

कापणीची गर्दी असताना नाही, आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यातही नाही, कारण तेव्हा निम्मी माणसे गावी असतात. जिरा या ट्रेलोच्याच कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या वरच्या प्लॅनमध्ये नवे बदल काही काळ मागे ठेवून एकत्र घेण्याची सोय आहे. आपल्या साधनात तशी सोय आहे का, हे पुरवठादाराला लेखी विचारावे. नसेल, तर एका गाडीच्या मालापुरती नवी पद्धत आधी चालवावी, आणि तोपर्यंत कागदी वही बंद करू नये.