गिनी बसवलेले पदक विकण्यापूर्वी

ताई, आपण लिहिले आहे की आजीच्या पदकातील सोन्याच्या नाण्यावर एका बाजूस राजाचे मुख, दुसऱ्या बाजूस घोडेस्वार आणि १९१८ हे साल आहे, कोंदणासह वजन ९.६ ग्रॅम भरते, आणि डिचोलीतील एका दुकानदाराने २२ कॅरटच्या भावातून १० टक्के तूट धरून संपूर्ण पदकाची किंमत सांगितली आहे. हा हिशेब स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपण वर्णन केलेले नाणे म्हणजे ब्रिटिश सॉव्हरिन, ज्याला आपल्या घरांतून गिनी म्हणतात. त्याचे प्रमाण वजन ७.९८८ ग्रॅम, व्यास २२.०५ मिलिमीटर आणि कस २२ कॅरट, म्हणजे त्यात शुद्ध सोने ७.३२ ग्रॅम असते. वापराने ते झिजते हे खरे, परंतु ७.९३८ ग्रॅमच्या खाली गेलेली गिनी इंग्लंडमध्ये चलन म्हणून ग्राह्य नसे, यावरून झिजेला किती थोडा वाव असे ते ध्यानात येईल. म्हणजे नाणे अस्सल असल्यास आपल्या पदकात कोंदण आणि कडी मिळून केवळ १.६ ग्रॅमच्या आसपास भरतात. झाळकामामुळे, म्हणजे हलक्या कसाच्या धातूने दिलेल्या जोडामुळे, कस उतरतो तो या १.६ ग्रॅमचा, नाण्याचा नव्हे. सरसकट १० टक्के तूट धरली तर नाण्यातील सुमारे ०.८ ग्रॅम सोने आपण विनाकारण सोडून देता. म्हणून नाणे आणि कोंदण यांचे दोन वेगळे हिशेब मागावेत.

अर्थात नाणे अस्सल आहे हे आधी ठरले पाहिजे, कारण दागिन्यांसाठी गिनीच्या नकला पुष्कळ पाडल्या गेल्या आहेत आणि त्यांतील काहींचा कस बराच कमी असतो. आपल्या नाण्याचे साल येथे फार उपयोगी आहे. १९१८ सालाची गिनी लंडनच्या टांकसाळीत पाडली गेली नाही. त्या सालाच्या नाण्यावर टांकसाळीचे अक्षर असलेच पाहिजे. घोड्याच्या पायांखालची जमिनीची रेषा सालाच्या बरोबर वर जेथे येते, तेथे भिंगाने पाहावे. रोमन लिपीतील ‘आय’ दिसल्यास ते मुंबईचे नाणे आहे, आणि मुंबईत गिन्या त्या एकाच सालाच्या पाडल्या गेल्या. ‘एम’ मेलबर्नचे, ‘एस’ सिडनीचे, ‘पी’ पर्थचे, ‘सी’ कॅनडाचे. रेषा स्वच्छ असून अक्षरच नसेल तर संशय धरावा. सालाच्या उजवीकडे ‘बी. पी.’ ही बेनेदेत्तो पिस्त्रुची या कोरक्याची आद्याक्षरे बारीक पण रेखीव असतात. नकलेत ती बहुधा भरून गेलेली दिसतात. कसासाठी दगडावर घासून पाहू देऊ नये. कॅरटमीटरवर, म्हणजे न घासता क्ष-किरणांनी कस मोजणाऱ्या यंत्रावर, तपासणी करून घ्यावी आणि नाणे व कोंदण यांची नोंद वेगळी मागावी.

सोन्यापलीकडील किंमत मिळेल की नाही, हे नाणे कसे बसवले आहे यावर अवलंबून आहे. नुसत्या नख्यांनी किंवा घेराने धरलेले नाणे बाहेर काढल्यावर कडेचे कंगोरे शाबूत असतील तर संग्राहक त्याचा विचार करतो. कडी थेट नाण्यावर झाळलेली असेल तर तो जोड काढला तरी खूण राहते, आणि मग नाणे सोन्याच्या भावाचेच उरते. मुंबईची गिनी गोमंतकात अनेक घरांत आढळते. ती फार दुर्मीळ नाही, त्यामुळे अशी झाळल्याची खूण असल्यास अधिक रकमेची आशा ठेवू नये. मागील बाजूस घोड्याऐवजी इंग्रजीत ‘पंधरा रुपये’ असे लिहिलेले १९१८ चे नाणे कोणाकडे असेल, तर त्याचे वजन व कस गिनीइतकाच असूनही ते संग्राहकाला दाखवल्याखेरीज मोडीत देऊ नये.

एक कळकळीची विनंती, पदक उजळायला देऊ नका. माझ्या बहिणीची गिनी एका कारागिराने हौसेने इतकी घासून चकचकीत केली की राजाच्या दाढीचे केस पुसले गेले. वजनात फरक नगण्य पडला, पण संग्राहकाने ती हातातही धरली नाही. नाणे काढायचेच झाले तर घरच्या ओळखीच्या शेटकडून (सोनाराकडून), समोर बसून, घेर कापून काढून घ्यावे. नाण्याला आच लागू देऊ नये.

घरातील कोणी पोर्तुगाल किंवा इंग्लंडला असेल आणि तेथे अधिक भाव मिळेल असे सुचवत असेल, तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याची आठवण ठेवावी: शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीस ते देशाबाहेर नेता येत नाही. आपले नाणे त्या मर्यादेत येते.

भिंगाखाली कोणते अक्षर दिसले आणि कडी नाण्याला चिकटलेली आहे की घेराला, एवढे कळवल्यास मी पुढचे सांगू शकेन.