पहिल्यांदा एकट्याने परदेशी जाताना नेमकी कशाची काळजी करायची?

प्रश्न असा होता: ‘पहिल्यांदाच एकटा परदेशी चाललो आहे. मध्ये एक विमान बदलायचं आहे, हातात अडीच तास आहेत. बॅगेत काय भरायचं याच्या याद्या सगळेच देतात. भरपूर फिरलेल्यांनी सांगावं, खरी काळजी कशाची घ्यायची?’

कामाच्या निमित्ताने आणि थोडं हौसेने मी गेली २२ वर्षं फिरतोय. बॅगेत काय भरता याने फारसं काही बिघडत नाही. विसरलेला टूथब्रश कुठेही मिळतो. प्रवास बिघडतो तो सांध्यांवर, म्हणजे जिथे एक विमान संपून दुसरं सुरू होतं किंवा एका देशाचा अंमल संपून दुसऱ्याचा लागतो तिथे. म्हणून तुमच्या प्रश्नातले ते अडीच तास वाचून मी आधी तिथेच थांबलो.

तुमची दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर आहेत का? की दोन स्वस्त तिकिटं वेगवेगळी काढून जोडली आहेत? एकाच बुकिंगवर असतील तर पहिलं विमान रखडल्यावर तुम्हाला पुढच्या विमानात बसवणं ही विमान कंपनीची जबाबदारी, आणि बॅगही बहुतेक वेळा परस्पर पुढे जाते. वेगळी असतील तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही वेळेवर न आलेले प्रवासी, विषय संपला. शिवाय मध्येच इमिग्रेशन पार करून बॅग ताब्यात घ्यायची, पुन्हा चेक-इन करायचं, आणि त्यासाठी त्या मधल्या देशाचा व्हिसा लागू शकतो. एकदा पैसे वाचवायला मी हाच उद्योग केला होता. पहिलं विमान ५० मिनिटं उशिरा आलं, बॅग पट्ट्यावर सगळ्यात शेवटी आली आणि धावत पोचलो तेव्हा काउंटर बंद करून माणसं निघाली होती. विमान अजून गेटवरच उभं होतं, हे जास्त लागलं. ऐनवेळी काढलेलं तिकीट आधीच्या दोन्हींपेक्षा महाग पडलं.

शहराच्या नावावर जाऊ नका, विमानतळाचं नाव वाचा. इस्तंबूलचे दोन विमानतळ दोन खंडांत आहेत. टोकियोला नारिता आणि हानेदा यांच्यात तासा-दीड तासाचं अंतर आहे. अमेरिकेतून पुढे जायचं असेल तर विमानतळाबाहेर पाऊलही टाकायचं नसलं तरी इमिग्रेशन चुकत नाही. म्हणजे व्हिसा किंवा त्यांची परवानगी हवीच, आणि उतरलेल्या पहिल्या विमानतळावर बॅग बहुतेकदा स्वतः उचलून पुन्हा द्यावी लागते. तिथे अडीच तास म्हणजे जीव टांगणीला.

आता कागद. नवख्याला वाटतं, खरी परीक्षा परदेशातल्या इमिग्रेशन अधिकाऱ्यासमोर. माझ्या मते ती निघतानाच्या चेक-इन काउंटरवर असते. अपुऱ्या कागदांचा प्रवासी नेला तर विमान कंपनीला दंड बसतो आणि त्याला स्वखर्चाने परत आणावं लागतं, म्हणून काउंटरवरचा माणूस धोका पत्करत नाही. तो टिमॅटिक नावाच्या नियमसंग्रहात बघतो आणि तिथे दिसेल तेच प्रमाण मानतो. ‘माझा मित्र गेल्या वर्षी असाच गेला होता’ हे त्याच्यापुढे चालत नाही. सिंगापूर, इंडोनेशिया अशा बऱ्याच देशांना पासपोर्टची मुदत पुढे ६ महिने शिल्लक लागते. शेंगेन देशांचा, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांचा, हिशेब वेगळा: परतीच्या तारखेनंतर ३ महिने मुदत हवी, आणि पासपोर्ट मागच्या १० वर्षांत काढलेला हवा.

शेंगेनमध्ये ‘१८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस मुक्काम’ या नियमाने भले भले फसतात. हे १८० दिवस जानेवारीपासून मोजायचे नसतात. तिथल्या प्रत्येक दिवशी मागे वळून १८० दिवस बघायचे आणि त्यात ९० पेक्षा जास्त भरतात का ते मोजायचं. पोचण्याचा आणि निघण्याचा दिवसही धरतात. फ्रान्समधून इटलीत गेल्याने मोजणी नव्याने सुरू होत नाही. आणि व्हिसावर कमी दिवस लिहिले असतील तर तेवढेच.

इमिग्रेशनला विचारतील तेवढंच आणि खरं सांगा. परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता कागदावर छापून ठेवा, कारण फोनची बॅटरी नेमकी त्याच रांगेत संपते.

औषधांबद्दल लोक गाफील असतात, ते मला खरंच काळजीचं वाटतं. घरी साधी वाटणारी गोळी दुसरीकडे गुन्हा ठरू शकते. सर्दीच्या औषधात १० टक्क्यांहून जास्त स्यूडोएफेड्रीन असेल तर जपानमध्ये ते नेता येत नाही. कोडीन (खोकल्याच्या आणि वेदनेच्या काही औषधांत असतं ते) असलेली औषधं संयुक्त अरब अमिरातीत न्यायची तर आधी परवानगी लागते. नेहमीची औषधं मूळ वेष्टनात, चिठ्ठीसकट, हातातल्या पिशवीत ठेवा आणि जिथे विमान बदलणार तिथलाही नियम बघा.

पॉवर बँकही हातातच, चेक-इनच्या बॅगेत नाही. १०० वॅट-अवर क्षमतेपर्यंत सहसा अडचण येत नाही. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॅट-अवर भरते. तिच्यावर छापलेला हा आकडा पुसला गेला असेल तर काही विमानतळांवर ती सरळ काढून घेतात.

पैशांचं थोडक्यात: दोन वेगळ्या बँकांची दोन कार्डं, दोन वेगळ्या खिशांत. एटीएम किंवा दुकानातलं मशीन ‘तुमच्या चलनात पैसे घेऊ का?’ असं विचारेल. नाही म्हणायचं, त्या देशाचंच चलन निवडायचं. ती आपुलकी नसते, विनिमयाचा दर ते त्यांच्या सोयीने लावतात. आणि बँकेचे ओटीपी ज्या सिमवर येतात ते काढून घरी ठेवू नका. परदेशी सिम घातल्यावर आपल्याच पैशांना हात लावता येत नाही, असे हताश चेहरे मी बरेच पाहिलेत.

बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्याआधी तक्रार लिहून घ्या. पीआयआर म्हणतात त्याला, त्याचा क्रमांक जपा. मॉन्ट्रियल करार (विमान प्रवासातल्या नुकसानभरपाईचा आंतरराष्ट्रीय करार) लागू असेल तिथे बॅग फुटली असल्यास ७ दिवसांत आणि उशिरा मिळाल्यास मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी दावा करावा लागतो. निघताना उघड्या बॅगेचा एक फोटो काढून ठेवला की आत काय होतं ते आठवत बसावं लागत नाही.

जेट लॅगवर अक्सीर इलाज मला सापडलेला नाही. पूर्वेकडे जाताना त्रास जास्त होतो, कारण आपलं आतलं घड्याळ २४ तासांहून किंचित लांब चालतं. दिवस लांबवणं त्याला जमतं, आखडणं जमत नाही. पहिल्या दिवशी महत्त्वाचं काही ठेवू नका. शक्य असेल तर उजेडात उतरणारं विमान घ्या, थोडं महाग पडलं तरी. अनोळखी शहरात रात्री दीड वाजता पत्ता शोधणं एकट्याला जड जातं, आणि फसवणारे टॅक्सीवाले नेमके त्याच वेळी दारात उभे असतात.

माझं एक मत अनेकांना पटत नाही: दहा दिवसांत सहा शहरं हा प्रवास नव्हे, सामानाची ने-आण आहे. शहर बदललं की अर्धा दिवस गेलाच. दोन शहरं करा.

पण हे सगळं नंतर. आज तिकीट उघडून पीएनआर बघा. एकच असेल आणि विमानतळही एकच असेल तर अडीच तास बहुतेक ठिकाणी पुरतात. दोन निघाले तर दुसऱ्या तिकिटाची तारीख बदलायला किती पडतात ते विचारा आणि मध्ये एक रात्र घ्या. आणि त्या रात्रीसाठी तिथला व्हिसा लागतो का, तेही आजच बघून ठेवा.