घरातल्या एकाच्या पोटात अँटिबायोटिकला न जुमानणारे जिवाणू असतील, तर ते इतरांना लागू शकतात का?

हो, आणि बहुतेक वेळा कोणाला पत्ताही लागत नाही. ई. कोलाय, क्लेब्सिएला यांसारखे प्रतिरोधक जिवाणू आतड्यात कित्येक महिने काहीही त्रास न देता राहू शकतात. ते विष्ठेतून बाहेर पडतात आणि न धुतलेले हात, संडासातला नळ, दूषित पाणी किंवा अन्न यांतून दुसऱ्याच्या तोंडात जातात. बाळाचे लंगोट बदलणारे, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची सेवा करणारे यांनी जास्त जपायला हवे.

खरी गोम पुढेच आहे. जिवाणूच नव्हे, त्याचा प्रतिकारही दुसऱ्याकडे जातो. प्रतिकाराची जनुके पुष्कळदा प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर असतात. दोन जिवाणू एकमेकांना भिडले की त्या कड्याची प्रत दुसऱ्याकडे जाऊ शकते, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूकडेही. १९५० च्या दशकात जपानमध्ये हगवणीच्या शिगेला जिवाणूंत एकदम अनेक औषधांना प्रतिकार दिसू लागला, त्याच्या शोधातून हे उमगले. म्हणजे बाहेरून आलेला जिवाणू निघून गेला तरी त्याची जनुके तुमच्या आतड्यात मागे राहू शकतात.

अँटिबायोटिक घेतले की नेहमीचे जिवाणू मरतात आणि नव्याने आलेल्याला पाय रोवणे सोपे जाते. म्हणून सर्दी-पडशासाठी ही औषधे स्वतःच्या मनाने घेऊ नकाच. संडासानंतर आणि जेवणाआधी साबणाने हात धुवा. घरातल्या माणसाला मात्र कृपा करून वाळीत टाकू नका. टॉवेल वेगळा ठेवा आणि त्याच्यावर शस्त्रक्रिया व्हायची असेल तर डॉक्टरांना हे आधी सांगा.