पॅकेज नवं, चालू कर्नल जुना

‘अपडेट टाकलं, तरी स्कॅनर एनएफ-टेबल्सची सीव्हीई-२०२४-१०८६ दाखवतोच, आणि सपोर्टवाले पॅकेज लेटेस्ट आहे म्हणून तिकीट बंद करतात’ हे तुमचं वाचलं आणि मला थेट २०१६ आठवलं. (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या त्रुटीचा क्रमांक; ही त्रुटी लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात, नेटवर्क पॅकेट गाळणाऱ्या एनएफ-टेबल्स या भागात आहे.)

अपडेट कसं टाकायचं ते सांगत बसत नाही. एकच विचारतो: नंतर मशीन रीबूट केलंत का? ‘युनेम -आर’ चालवून बघा, आत्ता चालू असलेल्या कर्नलची आवृत्ती दिसेल.

२०१६ च्या ऑक्टोबरमध्ये डर्टी काऊ जाहीर झाली, साध्या युजरला रूट, म्हणजे सर्वाधिकार, मिळवून देणारी त्रुटी. २००७ मधल्या २.६.२२ आवृत्तीपासून ती कर्नलमध्ये पडून होती. मी त्याच रात्री पॅकेज टाकलं आणि झोपलो. रीबूट टाळलं, कारण अपटाइम (रीबूटशिवाय सलग चालल्याचा काळ) चारशे दिवसांच्या पुढे गेला होता आणि मला त्याचं भारी कौतुक. (आता कोणी तो आकडा मिरवला की मला आधी त्याच्या कर्नलची काळजी वाटते.) डिस्कवर नवा कर्नल, मेमरीत जुनाच. सपोर्टला विचारलंही होतं, अजून काही राहिलंय का म्हणून. उत्तर आलं: पॅकेज अद्ययावत, त्रुटी ‘लोकल’, तिकीट बंद.

या ‘लोकल’ शब्दाने माझा घात केला. मला वाटलं, लॉगिन असलेला माणूसच काही करू शकेल आणि तसा मी एकटाच. पण वेबसाइटच्या फाइल अपलोडमधून घुसलेला माणूस वेब सर्व्हरच्या युजरने कोड चालवतो, म्हणजे तोही लोकलच की! तीन आठवड्यांनी यूआयडी शून्य असलेलं, म्हणजे रूटचेच अधिकार असलेलं, दुसरं खातं दिसलं. उडवलं, दोन दिवसांत परत हजर. एकदा रूट गेलं की झाडलोट करण्यात अर्थ नसतो. मशीन कोरं करून नव्याने बसवावं लागलं.

तुमच्या त्रुटीत मोकळी केलेली मेमरी कर्नल पुन्हा वापरतो, आणि साध्या युजरला तिथवर पोचायला बहुधा युजर नेमस्पेस (साध्या युजरला स्वतःच्या कप्प्यापुरते रूटसारखे अधिकार देणारी सोय) लागते. रीबूट रात्रीपर्यंत जमत नसेल तर ‘युजर.मॅक्स_युजर_नेमस्पेसेस’ हे कर्नलचं सेटिंग शून्य करा. रूटलेस (रूटच्या अधिकारांशिवाय चालणारे) कंटेनर बंद पडतील, त्यामुळे आधी चाचणी मशीनवर बघा. मी तुमची रचना पाहिलेली नाही. लाइव्ह पॅच (रीबूट न करता चालू कर्नलमध्येच केलेली दुरुस्ती) वाईट नाही, पण त्याच्या भरवशावर रीबूट वर्षभर ढकलणं मला पटत नाही.

जाता जाता: बूट पार्टिशन भरलेलं असेल तर नवा कर्नल अर्धवट बसतो आणि रीबूटनंतरही जुनाच उठतो. उलट, नुसत्या आवृत्तीच्या आकड्यावरही जाऊ नका. डिस्ट्रोवाले (उबुंटू, डेबियनसारखे) दुरुस्ती जुन्या आकड्यातच बसवतात, म्हणून पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये (बदलांच्या नोंदीत) सीव्हीई क्रमांक शोधा.

आणि तुमचा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) कंटेनर प्रकारचा असेल तर कर्नल तुमचा नसतोच, तो ज्या मशीनवर चालतो त्या होस्टचा असतो. तसं असेल तर तिकीट परत उघडा आणि ‘पॅकेज’ हा शब्दच न काढता विचारा: होस्ट शेवटचा रीबूट कधी केलात?