प्रीमियर पद्मिनीच्या इंजिनाला जुळणारे सुटे भाग कसे शोधावेत?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: वडिलांची १९८५ सालची प्रीमियर पद्मिनी आपण घरीच दुरुस्त करायला घेतली आहे, इंजिन तेल खात होते आणि निळा धूर सोडत होते म्हणून ते खाली उतरवले आहे. आता पिस्टन, रिंगा, बेअरिंग आणि गॅस्केट कोठे मिळतील, आणि ‘फियाट ११००’ या नावाने परदेशातून विकले जाणारे भाग या गाडीला बसतील का? दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो, कारण सर्वांत जास्त पैसे तेथेच वाया जातात.

कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून बनलेली फियाट ११०० डिलाइट आणि सत्तरच्या दशकात जिला पद्मिनी हे नाव मिळाले ती गाडी, या दोन्हींचे पेट्रोल इंजिन १०८९ सीसीचे आहे; सिलिंडरचा व्यास ६८ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टन वर-खाली सरकतो ते अंतर) ७५ मिमी. इटलीत मात्र १९६२ ते १९६६ या काळात विकल्या गेलेल्या ‘११०० डी’चे इंजिन १२२१ सीसीचे होते. त्याचा स्ट्रोक तोच ७५ मिमी, पण सिलिंडरचा व्यास ७२ मिमी. आपल्याकडच्या गाडीलाही लोक ‘११०० डी’ म्हणतात, त्यामुळे केवळ नाव पाहून मागवलेला पिस्टन-संच चार मिलिमीटरने मोठा निघतो. हेड गॅस्केटच्या (सिलिंडरचा ब्लॉक आणि त्यावरचे झाकण म्हणजे हेड, यांच्यामधील सील) बाबतीत हा घोळ अधिक फसवा आहे, कारण मोठ्या भोकाचे गॅस्केट ब्लॉकवर ठेवले की वरवर बसल्यासारखे दिसते, परंतु त्याची धातूची कड सिलिंडरच्या काठापासून दूर राहते. १९६६ नंतरच्या इटालियन ‘११०० आर’मध्ये पुन्हा १०८९ सीसीचे इंजिन आले, म्हणून मागवायचेच झाल्यास त्या गाडीच्या नावाखाली शोधावे आणि विक्रेत्याकडून प्रत्येक भागाचे माप लेखी मागवून घ्यावे.

देशातही नावसाधर्म्यावर जाऊ नये. प्रीमियर ११८ एनईचे इंजिन निस्सान घराण्यातील ए-१२ आहे (११७१ सीसी, ७३ मिमी व्यास, ७० मिमी स्ट्रोक) आणि पद्मिनीच्या इंजिनाशी त्याचा काहीही संबंध नाही. डिझेल पद्मिनीचे इंजिनही पूर्णपणे निराळे आहे. मारुती ८०० च्या सिलिंडरचा व्यास ६८.५ मिमी असल्यामुळे ‘अर्ध्या मिलिमीटरचे बोअर करून तेच पिस्टन टाका’ (म्हणजे सिलिंडर आतून तेवढा कातून मोठा करा) असे सांगणाराही कोणीतरी भेटेल. व्यास ही पिस्टनच्या मापांपैकी केवळ एक गोष्ट आहे. गजन पिनचा (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी पिन) व्यास, पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची आणि रिंगांच्या खाचांची रुंदी या तीन गोष्टीही जुळाव्या लागतात. उंची कमी पडली तर कॉम्प्रेशन जाते आणि जास्त झाली तर पिस्टन हेडला किंवा व्हॉल्व्हला लागू शकतो.

म्हणून माझा आग्रह असा की मापे हातात आल्याशिवाय काहीही विकत घेऊ नये. प्रत्येक सिलिंडरचे माप बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली अशा तीन पातळ्यांवर, आणि प्रत्येक पातळीवर क्रँकच्या (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा दांडा) दिशेने व तिला काटकोनात असे दोनदा घ्यावे. झीज बहुधा वरच्या रिंगेच्या पट्ट्यात सर्वाधिक असते, त्यामुळे नुसत्या तळाच्या मापावरून अंदाज बांधला तर सिलिंडर चांगला वाटतो. क्रँकची मेन आणि बिग एंड जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे तिचे गोल भाग) मायक्रोमीटरने दोन दिशांनी मोजावीत. ही साधने घरी नसली तर चांगला लेथवाला हे काम करून देतो. मात्र त्याच्याकडून आकडे कागदावर घ्यावेत, ‘बोअर करावेच लागेल’ एवढ्या तोंडी निर्णयावर समाधान मानू नये.

खरेदीचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी बाजारात कोणत्या ओव्हरसाइजचे (मूळ मापाहून मोठे) पिस्टन प्रत्यक्ष मिळतात ते पाहावे, ते हाती आल्यावर त्या पिस्टनच्या मापानेच बोअर करून घ्यावे. आधी बोअर करून मग पिस्टन शोधणाऱ्याचा ब्लॉक महिनोन् महिने पडून राहतो. बेअरिंगचेही तसेच: कोणत्या अंडरसाइजचा (घासून बारीक केलेल्या क्रँकसाठीचा) पूर्ण संच उपलब्ध आहे हे कळल्यावरच क्रँक ग्राइंडिंगला द्यावी.

येथे मापांच्या भाषेचा एक धोका आहे. आपल्या बाजारात ‘दहा’, ‘वीस’, ‘तीस’ असे म्हणतात, तेव्हा ते इंचाचे हजारावे भाग असतात. म्हणजे ‘वीस’ म्हणजे ०.५०८ मिमी. इटालियन मालावर मात्र मापे मिलिमीटरमध्ये असतात आणि तेथे ०.२० लिहिलेले असले तर ते एका मिलिमीटरचा पाचवा भाग असते. एकाच काउंटरवर दोन्ही प्रकारची खोकी निघतात, दोन्हींवर ‘२०’ दिसते, आणि दोन्हींत तीन दशांश मिलिमीटरहून अधिक फरक असतो. खोक्यावरील आकड्यावर विसंबू नये. दुकानातच पिस्टनच्या स्कर्टचे (खालच्या भागाचे) माप पिनला काटकोनात घ्यावे आणि बेअरिंगच्या पाठीवर कोरलेला आकडा वाचावा. ज्या दुकानदाराला हे माप घेऊ देणे पसंत नसेल त्याच्याकडून माल घेऊ नये, असे मी निःसंकोच सांगतो.

आता बाजाराविषयी. मुंबईत ऑपेरा हाउसचा परिसर आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ, बाहेर दिल्लीचे काश्मिरी गेट, चेन्नईचे पुदुपेट आणि बंगळुरूचा जे. सी. रोड ही जुनी ठिकाणे आहेत. पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास संपले, तरी मुंबईच्या टॅक्सींमुळे या मालाला बराच काळ गिऱ्हाईक होते. ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही टॅक्सी रस्त्यावरून कायमची हटली, आणि दुकानदाराला नवा माल भरण्याचे कारण उरले नाही. आज मिळतो तो बहुतेक शिल्लक साठा. त्यामुळे चौकशीला जुना भाग सोबत घेऊनच जावे, फोनवरील वर्णनाचा उपयोग होत नाही. आणि नवा भाग बसून इंजिन चालू होईपर्यंत जुना भंगारात देऊ नये.

काही भागांसाठी मात्र पद्मिनीचे नाव घेण्याचीही गरज नाही. ऑइल सील आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी या तीन आकड्यांवर कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात मिळते. डायनॅमोची बॉल बेअरिंग त्यांच्यावरील क्रमांकाने आणि फॅन बेल्ट लांबी-रुंदीने मिळतो. व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्हचा दांडा जिच्यात सरकतो ती नळी) लेथवर बनवून घेता येते.

पूर्ण जुने इंजिन घेण्याचा विचार असेल तर क्रँक हाताने फिरते का ते पाहावे, हेड ॲल्युमिनिअमचे असल्याने पाण्याच्या वाटांभोवती ते खाल्ले गेले आहे का ते तपासावे आणि सरळ पट्टी धरून वाकलेपणा पाहावा. टॅक्सीतून निघालेले इंजिन बहुधा सीएनजीवर चाललेले असते; अशा इंजिनाच्या व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह टेकतो त्या कडा) विशेष लक्षपूर्वक पाहाव्यात. पावती घ्यावीच, कारण इंजिनाचा क्रमांक आरसी पुस्तकात नोंदलेला असतो आणि ब्लॉक बदलला तर आरटीओकडे नोंद बदलून घ्यावी लागते. आपला मूळ ब्लॉक तडकलेला नसेल तर तोच दुरुस्त करणे मला सर्व दृष्टींनी योग्य वाटते. शिवाय २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीची विंटेज म्हणून नोंदणी होते. आपली गाडी २०३५ मध्ये त्या वयाची होईल आणि तेव्हा मूळ इंजिन असण्याला महत्त्व येईल.

शेवटचा मुद्दा रबराचा. जुन्या साठ्यातील धातूचा भाग अनेक वर्षांनीही चांगला निघतो, पण त्याच काळातील रबर कडक होऊन तडकलेले असते, म्हणून सीलबंद खोक्यातले असले तरी जुने ऑइल सील किंवा होस बसवू नये. पंपांवर आज मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि पद्मिनीच्या काळातील रबर त्यासाठी बनलेलेच नव्हते. पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम, कार्ब्युरेटरचे किट आणि टाकीपासूनची सर्व नळी इथेनॉल सहन करणाऱ्या रबराची घ्यावी आणि पहिले काही आठवडे प्रत्येक जोड हात लावून तपासावा, कारण यांत्रिक पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम फाटला तर पेट्रोल थेट क्रँककेसमधील तेलात उतरू शकते आणि नव्याने बसवलेली बेअरिंग त्यानेच जातात.