टग-बार्जवाल्यांचे प्रश्न: जहाज आपलं, नुकसान दुसऱ्याचं

टग (जहाजं ओढणारी-ढकलणारी बोट), बार्ज (सपाट तळाची मालवाहू होडी) आणि छोटी कोस्टल जहाजं चालवणाऱ्यांकडून सध्या बरेच प्रश्न येतायत. जे सारखे सारखे विचारले जातात तेवढे इथे घेतलेत.

प्रश्न (बेलापूर): आमच्या टगचा हल अँड मशिनरीचा (जहाजाचा सांगाडा आणि इंजिन यांचा) विमा आहे. ब्रोकर म्हणतो पी अँड आय (दुसऱ्याच्या नुकसानीच्या जबाबदारीचा विमा) पण घ्या. एवढा प्रीमियम भरतोय, अजून एक कशाला?

कारण हल पॉलिसी तुमच्या टगसाठी आहे, तुमच्या टगमुळे दुसऱ्याचं जे होईल त्यासाठी नाही. त्यात रनिंग डाउन क्लॉज (दुसऱ्या जहाजाला धडकल्यावरचं देणं भरणारं कलम) असतो हे खरं, पण जुन्या पद्धतीचा क्लॉज असेल तर दुसऱ्या जहाजाला धडक बसल्यावर तुमच्या देण्याचा पाऊण हिस्साच मिळतो. उरलेला पाव हिस्सा पी अँड आयचा, शिवाय जेट्टी, बोया, खलाशाचा मृत्यू, सांडलेलं तेल आणि बुडालेलं जहाज उचलणं, हेही सगळं तिकडेच.

यात माणूस खरा बुडतो तो जहाज उचलण्याच्या खर्चात. गोव्यात रिव्हर प्रिन्सेस ६ जून २००० ला कांदोळीच्या किनाऱ्यावर रुतलं आणि ते पूर्ण निघायला २०१२ उजाडलं, बारा वर्षं कोर्टकचेऱ्या, टेंडरं आणि समोर किनाऱ्याची वाट लागतेय. मुंबईजवळ ४ ऑगस्ट २०११ ला राक कॅरिअर साठ हजार टन कोळसा घेऊन बुडालं, तेव्हा २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने जहाजाच्या कंपन्यांना १०० कोटी भरायला सांगितले. बुडालेली जहाजं उचलण्याबद्दलच्या नैरोबी कन्व्हेन्शन या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे ३०० ग्रॉस टन आणि वरच्या जहाजांना या खर्चाचा विमा आणि सर्टिफिकेट लागतं. तुमची टग त्याखाली असेल तर सर्टिफिकेटची सक्ती नसेल, पण चॅनलमध्ये बुडाली तर पोर्ट ती उचलून घेईल आणि बिल तुम्हालाच येईल. तर ब्रोकर बरोबर बोलतोय, घ्या.

प्रश्न (जयगड): लोड बार्ज जेट्टीला लावताना जोरात लागली, दोन फेंडर (जेट्टीवरचे धक्का झेलणारे रबर) गेले. जेट्टीवाल्यांनी मास्टरकडून लगेच एका पत्रावर सही घेतली. आता क्लेमचं काय?

आधी ते पत्र नीट वाचा. नुसतं 'पत्र मिळालं' असं असेल तर चालेल, पण 'आमच्या चुकीने नुकसान झालं, खर्च आम्ही देऊ' असं असेल तर पत्राची कॉपी आजच क्लबला (म्हणजे पी अँड आय विमा देणाऱ्या जहाजमालकांच्या संस्थेला) पाठवा, लपवून ठेवू नका. क्लबच्या नियमांत साधारण असंच असतं की त्यांना विचारल्याशिवाय जबाबदारी मान्य करायची नाही, आणि घटना लगेच कळवायची. माझ्या बघण्यात निम्मी भांडणं अपघातामुळे नाही तर उशिरा कळवल्यामुळे होतात. मालकाला वाटतं आपसात मिटेल, मग दोन महिन्यांनी मोठ्ठं बिल येतं आणि तोवर जेट्टीवर नवीन फेंडर बसलेले असतात, जुना किती झिजलेला होता हे दाखवायला काहीच उरत नाही.

म्हणून मास्टरला आत्ताच शिकवून ठेवा. असं पत्र आलं की सहीच्या वर हाताने 'फॉर रिसीट ओन्ली, विदाउट प्रेज्युडिस' (फक्त पत्र मिळाल्याची सही, चूक मान्य केलेली नाही) लिहायचं. तुटलेल्या फेंडरचा फोटो तर काढायचाच, पण शेजारच्या न तुटलेल्याचाही काढायचा, म्हणजे गंज, चिरलेलं रबर, सैल झालेले बोल्ट दिसतात. लॉगबुकात वारा, भरती-ओहोटीची वेळ, टग किती होत्या, पायलट होता का हे त्याच दिवशी लिहायचं, नंतर खाडाखोड करून नाही. आणि दोन्ही पार्ट्यांचा सर्व्हेअर एकत्र बघून जाईपर्यंत रिपेअर सुरू करू नका अशी मेल जेट्टीवाल्यांना टाकायची.

प्रश्न (वास्को): आमची दोन जहाजं आहेत. एकाच्या भांडणात दुसरं अरेस्ट होतं का, म्हणजे कोर्टाच्या हुकमाने अडकतं का?

होतं. मालक तोच असेल तर २०१७ च्या ॲडमिरल्टी (जहाजांच्या दाव्यांच्या) कायद्यात तशी सोय आहे. कोचीजवळ २५ मे २०२५ ला एमएससी एल्सा ३ बुडालं, केरळ सरकारने ९,५३१ कोटींचा दावा लावला आणि हायकोर्टाने अरेस्ट केलं ते विळिंजमला उभं असलेलं एमएससी अकिटेटा २. तुम्ही वास्कोचे, म्हणून हेही सांगतो की आपल्याकडच्या अरेस्टच्या कायद्याचा पाया घालणारी केस मुरगाव बंदरातूनच सुरू झाली. एम. व्ही. एलिझाबेथ १९८४ मध्ये बिल ऑफ लेडिंग (माल चढवल्याची पावती) न देता तिथून निघून गेलं आणि मग विशाखापट्टणमला पकडलं, पुढे १९९२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की परदेशी जहाजावरही आपल्या हायकोर्टाचा अधिकार चालतो.

अरेस्ट बहुतेक वेळा तुम्हाला न ऐकताच होते. दावा येणार असा अंदाज असेल तर वकिलाकडून कॅव्हिएट (आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका असा अर्ज) टाकून ठेवा. झालीच तर सिक्युरिटी देऊन जहाज सोडवायचं, मूळ भांडण नंतर लढता येतं. क्लबचं लेटर ऑफ अंडरटेकिंग (पैसे देण्याची लेखी हमी) समोरच्याने मान्य केलं तर स्वस्तात सुटतं, नाहीतर बँक गॅरंटी किंवा कोर्टात पैसे.

प्रश्न (ठाणे): जहाजमालकाची जबाबदारी टनेजवर लिमिट होते म्हणतात. मग एवढं घाबरायचं कशाला?

लिमिट आहे. ही जबाबदारी मर्यादित करणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या १९९६ च्या प्रोटोकॉलमध्ये २,००० टनांपर्यंतच्या जहाजाला जीवितहानीसाठी २० लाख आणि बाकी नुकसानीसाठी १० लाख एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) होते, जून २०१५ पासून त्या प्रोटोकॉलचे आकडे ५१ टक्क्यांनी वाढलेत. ३०० टनांखाली प्रत्येक देश वेगळा नियम करू शकतो. साल्व्हेजच्या (संकटातलं जहाज वाचवण्याच्या) पैशाला मात्र हे लिमिट नाही.

लिमिट तुटणं अवघड आहे. मास्टरची चूक झाली म्हणून ते तुटत नाही, मालकाने स्वतः, मुद्दाम किंवा नुकसान बहुतेक होणार हे माहीत असून बेदरकारपणे काही केलं तर तुटतं. आता समजा चीफ इंजिनिअरने व्हॉट्सॲप केलं की स्टीअरिंग गिअरचं तेल गळतंय, पंप प्रेशर धरत नाही, आणि ऑफिसातून उत्तर गेलं 'ही ट्रिप मारून घ्या, मग बघू'. असा एक मेसेज समोरच्या वकिलाच्या हाती लागला तर लिमिट टिकवायला झगडावं लागेलच, शिवाय विमाही जाऊ शकतो, कारण १९६३ च्या मरीन इन्शुरन्स कायद्यात टाइम पॉलिसीखाली (ठरावीक मुदतीच्या विम्याखाली) मालकाला माहीत असताना खराब अवस्थेतलं जहाज समुद्रात पाठवलं तर त्या खराबीमुळे झालेल्या नुकसानीचे पैसे विमा कंपनीने द्यायची गरज नाही. आणि कायदा राहू द्या बाजूला, त्या जहाजावर दहा-बारा पोरं असतात हो. इंजिनिअर नाही म्हणाला तर जहाज थांबवा, चार्टररची (जहाज भाड्याने घेणाऱ्याची) ओरड सहन करा.

प्रश्न (उरण): क्रूचा तीन महिन्यांचा पगार थकलाय. क्लब भरेल का?

पगार देणं तुमचं काम आहे, क्लबचं नाही. एमएलसी (खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार) लागू असलेल्या जहाजावर दोन महिने पगार थकला की ते सोडून दिलेलं जहाज धरलं जाऊ शकतं, मग विमावाला खलाशांना चार महिन्यांपर्यंतचा पगार आणि घरी जायचं तिकीट देतो आणि तेवढं तुमच्याकडून वसूल करतो. क्रूच्या पगाराचा लिएन (येणं वसूल करण्याचा जहाजावरचा हक्क) सगळ्यात वरचा, दोन वर्षं टिकतो, जहाज विकलं तरी नव्या मालकाच्या मागे जातो, आणि त्यासाठी जहाज अरेस्ट होऊन लिलावातही जाऊ शकतं. बँकेचा नंबर त्यानंतर. त्यामुळे डिझेलवाला आणि यार्ड थांबतील, क्रूचे पैसे आधी टाका.